आधी मंजुरी, मग मशीन: उद्योग अनुदानाच्या फाईलीत या चुका टाळा

दोंडाईचाजवळ माझ्या मावसभावानं मिरची पावडरचा छोटा कारखाना टाकायचं ठरवलं. हंगाम हातचा जाऊ नये म्हणून त्यानं साठवलेल्या पैशातून पल्व्हरायझर म्हणजे मिरची दळायचं मशीन उचललं आणि नंतर बँकेत गेला. साहेबांनी बिल पाहिलं आणि तारखेवर बोट ठेवलं. बिल सप्टेंबरचं, कर्जाचा अर्ज नोव्हेंबरचा. रात्री त्याचा फोन आला, "आते काय करानं भाऊ?" त्या मशीनपुरतं करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

खान्देशात ही चूक मी सगळ्यात जास्त पाहतो. पीएमएफएमई म्हणजे सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना घ्या किंवा पीएमईजीपी म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम घ्या, अनुदान कर्जाला बांधलेलं असतं. आधी कर्ज मंजूर होतं, मग बँक पुरवठादाराच्या खात्यात पैसे टाकते, त्यानंतर मशीन गावात येतं. रोखीनं आधीच घेतलेल्या मशीनवर अनुदान मागायचं तरी कशाच्या आधारे? दिवाळीच्या सुमारास मिरची येणार असेल तर फाईल उन्हाळ्यातच जिल्हा उद्योग केंद्रात किंवा कृषी कार्यालयात न्या, आणि योजना चालू आहे का हे तिथेच विचारून घ्या. कोटेशनवर मॉडेल, क्षमता आणि जीएसटी क्रमांक हवा. प्रकल्प अहवालात ताशी 50 किलो आणि कोटेशनमध्ये 100 किलो, एवढ्या फरकावरून फाईल परत येते.

दुसरा गैरसमज पैशांचा. पीएमएफएमईत पात्र खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख रुपये मिळतात. 10 टक्के तरी स्वतःचे घालावे लागतात. पीएमईजीपीत 15 ते 35 टक्के, प्रवर्ग आणि गाव-शहर पाहून. पण हे पैसे तुमच्या हातात पडत नाहीत. ते बँकेत तीन वर्षं अडकून राहतात आणि युनिट चालू असेल, हप्ते वेळेवर असतील, तरच कर्जात वळते होतात. अनुदानाच्या भरवशावर कुणाकडून उसने घेऊ नका, हे मी हात जोडून सांगतो. आणखी एक, पीएमईजीपीचं पहिलं कर्ज नव्या उद्योगालाच मिळतं. आधीपासून चालू असलेल्या युनिटनं या पहिल्या कर्जासाठी तिकडे वेळ घालवू नये.

खेळतं भांडवल हा तर आपल्याकडचा खरा दुखरा भाग आहे. नंदुरबारला ओली मिरची पथारीवर म्हणजे वाळवणीच्या मोकळ्या जागेवर वाळायला पडते, तेव्हा वर्षभराचा माल दोन-तीन महिन्यांत भरून ठेवावा लागतो. डाळ मिलचंही तसंच. लोक मशीनसाठी मुदत कर्ज घेतात, कॅश क्रेडिट म्हणजे माल खरेदीसाठी लागेल तसं उचलायचं कर्ज मागतच नाहीत. मग चकचकीत मशीन जानेवारीत गप्प उभं राहतं आणि मिरची व्यापारी उचलून नेतो. दोन्ही मागण्या एकाच अहवालात, महिनावार खरेदीच्या हिशेबासह लिहा.

उद्यम नोंदणी म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंद, सरकारी पोर्टलवर फुकट आहे. ती करताना घाईत व्यापाराचा कोड टाकू नका. उत्पादक किंवा सेवा उद्योग म्हणून नोंद असेल तरच उशिरा पैसे देणाऱ्याविरुद्ध कायद्याचा आधार मिळतो: पैसे देण्याची मुदत लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवस, नसेल तर 15. त्यापुढे बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीनं. हा हक्क सूक्ष्म आणि लघु उद्योगांना आहे. नुसत्या व्यापाऱ्याला नाही. जळगावातून बाहेर माल पाठवणाऱ्या छोट्या कारखानदाराला हे तोंडपाठ असायला हवं.

राहिला पैसे घेऊन फाईल करून देणारा एजंट. त्याची गरज नाही. पीएमएफएमईसाठी जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात. अहवाल आणि अर्जात त्या मदत करतात आणि त्यांचं मानधन सरकार देतं. मावसभावानं नवी फाईल पॅकिंग मशीनची, त्यांच्याकडूनच करून घेतली. या वेळी कोटेशनवरची तारीख त्यानं दोनदा पाहिली.