डॉल्फिन-सीलमधली बुरशी: या चुका टाळा

डॉल्फिनच्या श्वासछिद्राभोवती सायीसारखा पांढरा थर दिसला की पहिला संशय पाण्यावर जातो आणि क्लोरीन वाढवलं जातं. गाडं इथेच अडतं. कॅन्डिडा हे यीस्ट, म्हणजे एकपेशी बुरशी, अनेक धडधाकट डॉल्फिनच्या श्वासमार्गातही सापडतं. तिथले नेहमीचे जिवाणू त्याला डोकं वर काढू देत नाहीत. क्लोरीनचा अतिरेक झाला की हे राखणदारच मरतात, वर डोळे आणि कातडी चुरचुरते ती वेगळी. आधी मुक्त (मोकळं, काम करणारं) आणि संयुक्त (नायट्रोजनयुक्त घाणीशी जोडलं गेलेलं) क्लोरीन वेगवेगळं मोजा. संयुक्त चढलेलं असेल तर पाण्यात मलमूत्राचा नायट्रोजन साचलाय, म्हणजे फिल्टरकडे बघा.

हीच गोष्ट अँटिबायोटिकची. कोर्स लांबला, प्राणी दिलेले मासे न खाता टाकायला लागला, म्हणून आणखी एक अँटिबायोटिक! अन्ननलिकेत कॅन्डिडाचे व्रण असतील तर आपणच आगीत तेल ओततोय. नवीन औषध लिहिण्याआधी मागची नोंदवही उघडा, स्टिरॉइडसकट.

नमुना घेताना घाई नको. श्वासछिद्रावरचं पाणी पुसा, पहिला फुत्कार वाया जाऊ द्या, मग साबुरो आगारची (बुरशी वाढवायच्या माध्यमाची) प्लेट वर उपडी धरा. न पुसता घेतलेल्या प्लेटवर टाकीतलं पाणीच उगवतं. बुरशीच्या दोन-चार वसाहती (ठिपके) दिसल्या म्हणजे रोग नव्हे. स्लाइडवर यीस्टचे तंतू आणि दाहाच्या पेशी दिसतात का ते बघा. उलट प्लेट कोरी आली म्हणून फुफ्फुसात अॅस्परजिलस ही दुसरी बुरशी नाहीच, असंही समजू नका.

नुसतं ‘कॅन्डिडा’ लिहिलेला रिपोर्ट मी तरी परत पाठवेन. कॅन्डिडाच्या क्रुसेई प्रजातीवर फ्लुकोनॅझोल हे बुरशीनाशक औषध चालत नाही, ग्लाब्राटा प्रजातीवर त्याचा भरवसा नाही. व्होरिकोनॅझोल हे दुसरं बुरशीनाशक डॉल्फिनच्या शरीरात बराच काळ रेंगाळतं. रक्तातली पातळी न मोजता रोज देत राहणं धोक्याचं.

सीलचे केस गेले की ‘कात टाकतोय’ म्हणून सोडून देतात. हंगामी केस साधारण दोन्ही बाजूंनी सारखे गळतात. गोल, खपली धरलेले चट्टे दिसले तर गजकर्णाची तपासणी करा. मायक्रोस्पोरम आणि ट्रायकोफायटॉन या गजकर्णाच्या बुरश्या सांभाळणाऱ्याच्या हातावरही उठतात. म्हणून अशा प्राण्याचं काम सगळ्यांत शेवटी, हातमोजे घालून. त्याचे टॉवेल, बादली, पोटात घालायची नळी दुसऱ्याला वापरू नका.