प्रतिकारपेशींची वीज मोजताना

जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करून मी पीएच.डी.ला लागले, तेव्हा आयन चॅनेल, म्हणजे पेशीपटलातील भारित कणांची दारे, म्हटले की मला फक्त चेतापेशी आठवत. माझा विषय मेंदूतील दाहाचा होता आणि अभ्यास मायक्रोग्लियाचा, म्हणजे मेंदूच्या स्वतःच्या प्रतिकारपेशींचा, करायचा होता. तरीही मार्गदर्शकांनी पहिल्याच आठवड्यात मला पॅच क्लॅम्पच्या, म्हणजे एकेका पेशीतून वाहणारी वीज मोजण्याच्या तंत्राच्या, खोलीत बसवले, याचे नवल वाटले. ज्या पेशी विजेच्या स्पंदांनी संदेश पाठवत नाहीत, त्यांची वीज कशासाठी मोजायची? नवोदित बहुधा याच प्रश्नापाशी अडतात, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

टी-पेशी, म्हणजे रक्तातील एक प्रकारची प्रतिकारपेशी, उद्दीपित झाली की तिच्यात कॅल्शियम शिरावे लागते, आणि ते क्षणभर नव्हे, तर तासन्‌तास शिरत राहावे लागते. तेव्हाच कॅल्सिन्युरिन हे विकर सक्रिय राहून पुढची जनुके चालू होतात. मात्र धनभारित कॅल्शियम आत येत राहिले की पेशीच्या आतील ऋण विभव (विद्युतदाब) घटत जाते आणि कॅल्शियमला आत ओढणारा जोरच ओसरतो. अशा वेळी पोटॅशियम बाहेर सोडून आतली बाजू ऋण राखण्याचे काम केव्ही १.३ आणि केसीए ३.१ ही चॅनेल करतात. टी-पेशींमधील पोटॅशियम प्रवाहाची नोंद १९८४ मध्येच झाली होती. कॅल्शियमचे दार असलेले ओराय १ मात्र २००६ मध्ये हाती लागले, आणि तेही गंभीर प्रतिकारहीनता घेऊन जन्मलेल्या बाळांच्या जनुकांच्या अभ्यासातून.

मायक्रोग्लियाची गोष्ट थोडी निराळी आहे. इजा झालेल्या पेशींतून सांडलेले एटीपी, म्हणजे पेशींचा ऊर्जारेणू, पी२एक्स७ हे चॅनेल उघडते आणि पोटॅशियम बाहेर पडू लागते. थिक-१ नावाचे दुसरे चॅनेलही त्याला वाट देते. आतील पोटॅशियम घटले, एवढ्या खुणेवर एनएलआरपी३ हा प्रथिनसमूह जुळून येतो, कॅस्पेस-१ हे विकर सक्रिय होते आणि इंटरल्यूकिन-१ बीटा हा दाहकारक रेणू बाहेर पडतो. हा क्रम मनात पक्का बसला, तेव्हा ती वीज कशासाठी मोजायची ते मला उमगले.

हात बसायला मात्र वेळ लागतो. काचेच्या पिपेटचे टोक पेशीपटलाला इतके घट्ट चिकटावे लागते की तेथील रोध अब्जावधी ओहमपर्यंत जावा. ही घट्ट पकड, म्हणजे सील, जमली तरी पहिले दोन महिने माझ्या नोंदीची शून्यरेषाच सरकत राही, आणि कारण अगदी साधे निघाले: चांदीच्या तारेवरचा क्लोराइडचा थर झिजलेला होता. रोज सकाळी तार पाहावी, ती करडी दिसत नसेल तर पुन्हा क्लोराइड चढवावे आणि मगच पेशींना हात लावावा.

यापेक्षा मोठी चूक माझ्या उतावळेपणाची होती. केव्ही १.३ रोखेल अशी आशा असलेले एक संयुग मी तपासत होते आणि वेळ वाचावा म्हणून दर सेकंदाला व्होल्टेजची पायरी देत होते, म्हणजे विद्युतदाब एकदम बदलून चॅनेल उघडत होते. प्रवाह प्रत्येक पायरीगणिक उतरत गेला, मिनिटभरात निम्म्याखाली आला, आणि मी हरखून आलेख घेऊन मार्गदर्शकांकडे गेले. त्यांनी आलेख शांतपणे पाहिला आणि म्हणाले, “आता संयुग न घालता हेच करून दाखव.” नुसत्या द्रावणातही प्रवाह तसाच उतरला! केव्ही १.३ एकदा निष्क्रिय झाले की सावरायला बराच वेळ घेते. पायऱ्यांमध्ये तीस सेकंद ते एक मिनिट अंतर ठेवले नाही, तर चॅनेलचा थकवाच औषधाचा गुण म्हणून नोंदला जातो. दोन आठवड्यांच्या नोंदी मी बाजूला ठेवल्या. तेव्हापासून संयुगाआधी कोऱ्या द्रावणाची पूर्ण नोंद घेतल्याशिवाय मी पुढे जात नाही.

पेशी कोठून आली, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. मानवी टी-पेशी केव्ही १.३वर जितक्या अवलंबून असतात, तितक्या उंदराच्या नसतात, त्यामुळे उंदरातील निष्कर्ष माणसाला सरसकट लावू नये. मायक्रोग्लिया तर मेंदूतून काढून सीरममध्ये (रक्तद्रवात) वाढवताच बदलू लागतात, कारण निरोगी मेंदूत त्यांचा सीरमशी संबंधच येत नाही. शक्य असेल तेव्हा मेंदूच्या ताज्या कापांतच नोंद घ्यावी, असे माझे ठाम मत झाले आहे. ते काम किचकट असते, पण पेशी आपल्या जागी असते.

औषधांच्या वाचनाकडेही दुर्लक्ष करू नये. कुष्ठरोगाच्या एमडीटीमधील (बहुऔषध उपचारातील) क्लोफाझिमिन कुष्ठरोगातील दाहाची प्रतिक्रिया शमवते, हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. ते केव्ही १.३ रोखते, हे २००८ मध्ये दिसून आले. आमच्या शीतपेटीतील आयबेरिओटॉक्सिन हे बीके नावाचे पोटॅशियम चॅनेल रोखणारे विष ज्या लाल विंचवाच्या जातीचे, तोच विंचू कोकणातही डसतो आणि त्याच्याच दंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकर यांनी प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा उपचार रुजवला. त्या इवल्या कुपीवरचे नाव मी प्रथम वाचले, तेव्हा बराच वेळ ती हातातून खाली ठेववली नाही.

पीएच.डी.च्या प्रवेशासाठी बहुतेक ठिकाणी नेट, गेट यांसारखी राष्ट्रीय परीक्षा लागते. प्रतिकारशास्त्राकडून येणाऱ्यांनी पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आणि मेंदूकडून येणाऱ्यांनी मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र पाहावे. मुलाखतीपूर्वी नर्न्स्टचे समीकरण वहीत हाताने सोडवून पोटॅशियमचे समतोल विभव, म्हणजे ज्या विभवाला पोटॅशियमची आत-बाहेरची ये-जा सारखी होते ते, काढून पाहावे. पेशीच्या आत १४० व बाहेर ५ मिलिमोलर धरल्यास शरीराच्या तापमानाला ते सुमारे उणे ८९ मिलिव्होल्ट येते.