हायड्रॉलिक प्रेसचा दाब उतरला? पाना हातात घेण्याआधी या चुका टाळा

भोसरी-चाकणच्या प्रेस शॉपमध्ये सगळ्यात जास्त दिसणारी चूक एकच. ब्रॅकेट नीट बसत नाही, गेजवर दाब कमी दिसतो, मग सेटर (प्रेसवर साचा बसवणारा कारागीर) रिलीफ व्हॉल्व्हचा, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपुढे दाब जाऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हचा, लॉकनट सैल करतो आणि स्क्रू आवळतो. त्या शिफ्टपुरतं काम भागतं. पण जुना दाब का मिळेना, हे कुणी बघतच नाही.

आवळण्याने काय होतं ते बघा. २५० मिमी बोअरच्या (आतल्या व्यासाच्या) सिलेंडरचं क्षेत्रफळ साधारण ४९१ चौरस सेंमी. दर चौरस सेंमीला २०० किलो दाब असेल तर जोर ९८ टन. स्क्रू पिळून तो २४० केला की तीच प्रेस ११८ टनांनी दाबते. फ्रेम, टाय रॉड, होज पाइप मात्र १०० टनांच्या हिशेबाचेच असतात. शिवाय पुढे मूळ बिघाड दुरुस्त झाला की प्रेस नकळत ओव्हरलोडवरच चालत राहते. म्हणून प्रेसच्या प्लेटवरचा आकडा ओलांडायचा नाही, आणि सेटिंग केलं तर तारखेसह लिहून ठेवायचं.

दाब उतरला तर आधी टाकीतली ऑइलची पातळी बघा. मग सक्शन स्ट्रेनर (पंप ऑइल ओढतो तिथली जाळी) काढून धुवा. पंपातून खडी दळल्यासारखा आवाज येत असेल तर स्ट्रेनर चोंदलाय किंवा सक्शनच्या जॉइंटमधून हवा आत जातेय. त्या जॉइंटवर थोडं ग्रीस फासा. आवाज लगेच बदलला की चोर तिथेच सापडला. त्यानंतर रिलीफ व्हॉल्व्ह उघडून साफ करा, सीटवर अडकलेला एखादा बारीक कणही अख्खा दाब पळवतो. पंप आणि सिलेंडरचं सील यांच्यावर संशय घ्यायचा तो सगळ्यात शेवटी, कारण त्यांचा खर्च मोठा. बरेच जण नेमकं उलटं करतात. आधी सील किट मागवतात आणि दोन दिवस प्रेस उभी ठेवतात.

सकाळी प्रेस झकास आणि दुपारनंतर दम नाही, अशी तक्रार एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमधून हमखास येते. ऑइल ६० अंशांच्या वर गेलं की पातळ होतं, पंपातली आतली गळती वाढते आणि टनेज (प्रेसचा जोर) घटतं. अशा वेळी कूलर उघडून बघा. बोअरवेलच्या जड पाण्याने नळ्यांत क्षार साचलेले असतात. 'उन्हाळा आहे' म्हणून स्वतःच्या मनाने ४६ ग्रेडच्या जागी ६८ ग्रेडचं जास्त घट्ट ऑइल टाकू नका. पंप बनवणाऱ्याने कोणता ग्रेड सांगितलाय ते बघा आणि दोन ग्रेड एकत्र तर मुळीच करू नका.

ऑइल दुधाळ दिसलं तर पारदर्शक बाटलीत नमुना काढून ठेवा. तासाभरात निवळलं तर हवा होती. तसंच राहिलं तर पाणी आहे. पावसाळ्यात ते ब्रीदरमधून (टाकीत हवा ये-जा करायच्या झाकणातून) येतं, एरवी कूलरच्या फुटक्या नळीतून. आणि नवं बॅरल म्हणजे स्वच्छ ऑइल, हा समज सोडा. टॉपअप फिल्टरमधूनच करायचा.

डाय (साचा) बोल्स्टरच्या, म्हणजे प्रेसच्या खालच्या जाड प्लेटच्या, मध्यावर बसवा. एका कडेला जॉब ठेवून दाबला की रॅम (वरून खाली येऊन दाबणारा भाग) तिरपा होतो, गाइड एका बाजूने झिजतात आणि सील वारंवार जातं. मग दोष सीलच्या क्वालिटीला दिला जातो. ब्लँकिंगचंही, म्हणजे शीटमधून तुकडा कापून काढण्याचंही, तसंच. शीट तुटली की साठलेला जोर एकदम सुटतो आणि धक्का फ्रेमला आणि पाइपांच्या जॉइंटना बसतो. धक्का झेलायची सोय नसेल तर ब्लँकिंगला निम्म्या टनेजच्या आसपासच थांबावं. डीप ड्रॉइंगला (पत्रा ओढून खोल भांड्यासारखा आकार देण्याला) मात्र हायड्रॉलिक प्रेससारखं दुसरं काही नाही, कारण स्ट्रोकच्या कुठल्याही टप्प्यावर पूर्ण जोर मिळतो. मेकॅनिकल पॉवर प्रेसमध्ये तो तळाजवळच मिळतो.

गुरुवारच्या सुट्टीत वर ठेवलेला रॅम शुक्रवारी सकाळी खाली आलेला दिसला, तर रॅम धरून ठेवणारा व्हॉल्व्ह किंवा सील गळतंय. असा रॅम दिसत असताना डायमध्ये हात घालायचा नाही. मोटर बंद आहे म्हणून रॅम पडत नाही असं समजू नका, वजन त्याचं स्वतःचंच असतं. आधी सेफ्टी ब्लॉक (रॅमखाली लावायचा आधाराचा ठोकळा) लावा, मगच आत वाका. उत्पादन वाढावं म्हणून लाइट कर्टन (हात आत गेला की प्रेस थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा) बायपास करायला सांगणाऱ्या मॅनेजरला सेटरने सरळ नाही म्हणावं.

होजची गळती बोटाने चाचपडू नका. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून सुटलेली धार कातडीतून आत घुसते. पुठ्ठ्याचा तुकडा धरून बघा. हाताला लागलंच तर जखम टाचणी टोचल्याएवढी दिसली तरी बँडेज बांधून शिफ्ट पूर्ण करू देऊ नका. लगेच मोठ्या हॉस्पिटलला न्या आणि डॉक्टरांना 'दाबाखालचं ऑइल आत गेलंय' असं स्पष्ट सांगा. यात बहुतेक वेळा ऑपरेशन लागतं, आणि उशीर झाला तर बोट गमवावं लागू शकतं.