कॉर्टेक्सच्या जोडण्या शिकताना: एका स्पाइकवर निकाल देऊ नका

कॉर्टेक्सच्या (मेंदूच्या बाहेरच्या थराच्या) सर्किटवर, म्हणजे पेशींच्या जोडण्यांच्या जाळ्यावर, नुकतंच काम सुरू केलेल्यांसाठी हे लिहितेय. पिरॅमिडल पेशी पुढच्या पेशीला चेतवणारं ग्लुटामेट सोडतात, इंटरन्यूरॉन दाबणारं गाबा सोडतात, दोन्ही पेशींचं प्रमाण साधारण ८०-२०, हे तुम्हाला पाठच असेल. पीव्ही, एसएसटी, व्हीआयपी ही इंटरन्यूरॉनच्या जातींची नावंही ओळखीची असतील. पण नावांपेक्षा कोण कुठे जाऊन सिनॅप्स (दोन पेशींमधला सांधा) करतं ते आधी पक्कं करा. पीव्ही बास्केट पेशी पिरॅमिडलच्या सोमावर (पेशीच्या मुख्य अंगावर) आणि त्यालगतच्या डेंड्राइटवर (संदेश घेणाऱ्या फांद्यांवर) जोडतात, त्यामुळे स्पाइक, म्हणजे पेशीचा विजेचा ठोका, नेमका कधी सुटणार यावर त्यांचा मोठा ताबा असतो. एसएसटीतल्या मार्टिनोटी पेशी ॲक्सॉन (संदेश पाठवणारा तंतू) पार कॉर्टेक्सच्या सगळ्यात वरच्या, पहिल्या थरापर्यंत चढवतात आणि तिथल्या डेंड्राइटच्या झुपक्याला आवर घालतात. व्हीआयपी पेशी मुख्यतः एसएसटींनाच दाबतात, म्हणून पिरॅमिडल मोकळ्या होतात. एवढं कुणालाही जमतं, घाबरू नका.

खरा धोका पुढे आहे, आणि त्यात माझे बरेच महिने गेले.

मेंदूच्या पातळ चकतीत, म्हणजे स्लाइसमध्ये, तुम्ही शेजारच्या दोन पेशी पॅच करता (काचेची बारीक नळी चिकटवून त्यांची वीज मोजता), एक पिरॅमिडल आणि एक मार्टिनोटी. पिरॅमिडलला करंट देऊन एक स्पाइक काढता. समोरच्या पेशीत काहीच दिसत नाही. पुन्हा करता, पुन्हा सपाट रेघ. वहीत ‘जोडणी नाही’ असं लिहून पुढच्या जोडीकडे वळता. इथेच फसगत होते. जोडणी असू शकते, फक्त पहिल्या स्पाइकला ती बहुतेक वेळा गप्प बसते. या सिनॅप्समध्ये एका स्पाइकला ट्रान्समीटर (इथे ग्लुटामेट) सुटण्याची शक्यताच कमी असते. स्पाइक लागोपाठ आले की ती वाढत जाते आणि चौथ्या-पाचव्या स्पाइकपर्यंत सुरेख प्रतिसाद उभा राहतो. हीच पिरॅमिडल पेशी पीव्ही पेशीशी जोडलेली असेल तर उलटं घडतं: पहिला प्रतिसाद दणकट, पुढचे उतरत जाणारे. १९९८ मध्ये रेयेस, साकमान आणि सहकाऱ्यांनी रॅटच्या कॉर्टेक्समध्ये दाखवलं की एकाच पिरॅमिडल पेशीचे सिनॅप्स एका जातीच्या इंटरन्यूरॉनवर वाढत जातात आणि दुसऱ्या जातीच्या इंटरन्यूरॉनवर घटत जातात. म्हणजे सिनॅप्सचा स्वभाव पाठवणारी पेशी एकटी ठरवत नाही, घेणाऱ्या पेशीचाही त्यात वाटा असतो. हे वाक्य मला पहिल्याच आठवड्यात कुणीतरी ठणकावून सांगायला हवं होतं.

म्हणून एक स्पाइक देऊन कधीच थांबू नका. साधारण ५० हर्ट्झला आठ-दहा स्पाइकची माळ द्या. दोन माळांमध्ये किमान दहा सेकंद सोडा, म्हणजे सिनॅप्स सावरेल. खूप फेऱ्या घ्या, सरासरी काढा, मगच बोला. लेटन्सी, म्हणजे स्पाइकनंतर प्रतिसाद सुरू व्हायला लागणारा वेळ, तपासायला विसरू नका. एक-दोन मिलिसेकंदांत, दर वेळी जवळपास त्याच जागी सुरू होणारा प्रतिसाद थेट जोडणीचा. उशिरा येणारा आणि पुढेमागे सरकणारा असेल तर मध्ये तिसरी पेशी असल्याची शंका घ्या. २००७ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी नेमकं हेच पकडलं: एका पिरॅमिडल पेशीने वेगाने स्पाइक दिले की मार्टिनोटी जागी होते आणि शेजारच्या पिरॅमिडलमध्ये उशिरा रोध (दाबणारा प्रतिसाद) उमटतो.

आणि स्लाइस! ३०० मायक्रोमीटरची चकती कापताना कितीतरी ॲक्सॉन तुटतात. वरवरच्या पेशींवर ‘जोडणी नाही’ असा निष्कर्ष काढलात तर तो सुरीचाही असू शकतो. थोडं खोल जा.

आता माझं ठाम मत. रिव्ह्यू पेपरमधल्या रंगीत बाणांच्या आकृत्यांवरून सर्किट शिकू नका. बाणाला वेळ नसतो. कोणता सिनॅप्स वाढतो आणि कोणता थकतो हे त्यात दिसत नाही. पेपरचे आयते सारांशही नकोत. किती हर्ट्झ, किती स्पाइक, द्रावणात कॅल्शियम किती, हे सगळं मेथड्समध्ये असतं आणि सारांशात तेच गळतं. कॅल्शियमचा आकडा तर आवर्जून पाहा: जिवंत मेंदूत ते सव्वाच्या आसपास मिलिमोलर असतं, स्लाइसच्या द्रावणात मात्र बऱ्याचदा २, आणि तेवढ्यानेही सिनॅप्सचं वागणं बदलतं. गाइड निवडताना नाव पाहाल तेवढंच हेही पाहा, की लॅबमध्ये तुमच्या शेजारी बसून कच्चा ट्रेस (रेकॉर्डिंगची मूळ रेघ) वाचणारं कुणी आहे का. नसेल तर त्रास होणार, हे आत्ताच सांगते.

रिग (रेकॉर्डिंगची यंत्रणा) मिळत नाही, कॉलेज लहान आहे, म्हणून मात्र खचू नका. उंदराच्या दृष्टी-कॉर्टेक्सच्या एका घन मिलिमीटरचा मायक्रॉन्स प्रकल्पाचा नकाशा, सुमारे दोन लाख पेशी आणि ५० कोटींहून जास्त सिनॅप्ससह, सगळ्यांसाठी खुला आहे. २०२५ मध्ये त्यावरचे पेपरही आले. त्यात कोण कुणाला जोडलंय ते दिसतं, स्पाइकची माळ आल्यावर ती जोडणी कशी वागते ते दिसत नाही. त्यासाठी ॲलन इन्स्टिट्यूट या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेचा सिनॅप्टिक फिजिऑलॉजीचा (सिनॅप्स कसे वागतात याचा) खुला डेटा घ्या. पिरॅमिडलकडून पीव्हीकडे आणि पिरॅमिडलकडून एसएसटीकडे जाणाऱ्या जोडण्या वेगळ्या काढा, माळेतल्या पहिल्या आणि आठव्या प्रतिसादाची उंची मोजा, आणि दोन्ही गटांचे आलेख शेजारी शेजारी मांडा. साधी पायथॉन येत असेल तर यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.