घोड्याचा नाल काढताना

नाल काढायचा म्हटलं की बहुतेक जण सरळ इंग्रजी 'यू' काढतात आणि तो चुंबकच वाटायला लागतो. खऱ्या नालाची टोकं किंचित आत वळलेली असतात. म्हणून आधी पेन्सिलीने फिकट उभी रेघ मारा, तिच्यावर अंड्यासारखा आकार काढा आणि खालचा साधारण पाव भाग खोडून टाका. आतली रेघ बाहेरच्या रेघेच्या सोबतीने न्या. हात इथेच हलतो, तेव्हा मनगट वाकवण्याऐवजी कागद फिरवा. खिळ्यांची भोकं गोल नकोत, लांबट चौकोनी हवीत: दोन्ही बाजूंना ३-४, वरच्या वळणाच्या मधोमध एकही नाही. भोकं जोडणारी बारीक खाच बाहेरच्या कडेलगत गडद केली, की लोखंड जाड दिसतं.