ऑक्सिजन सेन्सर घरच्या घरी कसा बदलावा: आधी कोड वाचा, मग पाना उचला

चेक इंजिनचा दिवा लागतो, स्कॅनर लावल्यावर कोडच्या पुढे ‘ऑक्सिजन सेन्सर’ असं दिसतं आणि लगेच नवा सेन्सर मागवला जातो. पुष्कळदा जुना सेन्सर ठणठणीत असतो, तो फक्त दुसऱ्याची तक्रार सांगत असतो. सेन्सर खोलणं-बसवणं हे तसं हमालीचं काम. डोकं लागतं ते त्याच्या आधी.

एक्झॉस्ट पाइपात टोक खुपसून बसलेला हा सेन्सर धुरात किती ऑक्सिजन उरला ते पाहतो. त्यावरून इसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) पेट्रोल कमी-जास्त करतो. पेट्रोल इंजिनात वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल हे प्रमाण साधायचं असतं. सेन्सर चुकला तर मायलेज पडतं आणि जास्तीचं पेट्रोल जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा डबा) खराब होतो. कन्व्हर्टर सेन्सरपेक्षा कितीतरी महाग असल्यामुळे दुर्लक्ष करून चालत नाही.

कोड नीट वाचा

पी०१३५ आणि पी०१४१ हे सेन्सरच्या आतल्या हीटरचे कोड आहेत. गरम झाल्याशिवाय सेन्सर काम करत नाही, म्हणून त्याला हीटर दिलेला असतो. आधी हीटरचा फ्यूज बघा. तो शाबूत असेल तर कपलर (वायरीचा जोड) सोडवून सेन्सरच्या बाजूच्या एकाच रंगाच्या दोन वायरींवर (बहुधा पांढऱ्या) मल्टिमीटर लावा. काही ओहम दाखवले तर हीटर जिवंत आहे. काहीच आलं नाही तर तो गेला.

पी०१३३ म्हणजे सेन्सर सुस्तावलाय. जुन्या गाडीत हा कोड बहुतेक वेळा खरा निघतो. पी०१७१ मात्र सांगतो की मिश्रणात हवा जास्त आहे. त्याला फाटलेला व्हॅक्यूम पाइप, किंवा सेन्सरच्या आधी फुटलेलं एक्झॉस्टचं गॅस्केटही कारण असू शकतं. तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर इमानदारीने तीच मोजतो. अशा वेळी नवा सेन्सरही तेच सांगणार.

स्कॅनरवर लाइव्ह डेटा (चालू इंजिनातले आकडे) दिसत असेल तर इंजिन चांगलं तापवून आरपीएम २५०० च्या आसपास धरा. नेहमीच्या झिर्कोनिया प्रकारात पुढच्या, म्हणजे कन्व्हर्टरच्या आधीच्या, सेन्सरचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या दरम्यान सतत वरखाली नाचला पाहिजे. मागच्याचा, म्हणजे कन्व्हर्टरनंतरच्याचा, मात्र बराचसा स्थिर हवा. तो हलत नाही म्हणून धडधाकट सेन्सर काढून टाकू नका. बऱ्याच नव्या गाड्यांत पुढे वाइडबँड (वेगळ्या पद्धतीने मोजणारा) सेन्सर असतो. त्याला हे आकडे लागू नाहीत.

नेमका कोणता?

कोडसोबत ‘बँक १, सेन्सर १’ असं काहीसं लिहिलेलं असतं. बँक १ म्हणजे पहिला सिलिंडर ज्या बाजूला आहे ती बाजू. सेन्सर १ कन्व्हर्टरच्या आधी, सेन्सर २ नंतर. सरळ रांगेतल्या चार सिलिंडरच्या इंजिनाला सहसा एकच बँक असते. व्ही६ असेल तर पहिला सिलिंडर कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये बघूनच हात घाला, अंदाजाने नको.

काढताना

बहुतेक सेन्सरना २२ मिमीचा पाना लागतो. वायर बाहेर काढायला फट असलेला खास सॉकेट मिळतो, तो घ्या. आदल्या रात्री, पाइप पूर्ण गार असताना, आट्यांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. गाडीखाली जायचं असेल तर सपाट जमिनीवर, चाकांना अडण लावून, स्टँडवरच गाडी ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही नाही.

दुसऱ्या दिवशी इंजिन एक-दोन मिनिटं चालवून बंद करा. कोमट धातू लवकर सुटतो, तापलेला पाइप हात भाजतो. बॅटरीचं निगेटिव्ह काढा, कपलरची खिट्टी दाबून वायर मोकळी करा आणि वायर कुठून कशी गेलीय त्याचा फोटो काढा. मग लांब दांड्याने डावीकडे जोर द्या. करकर आवाज करत अडू लागला तर दामटू नका. थोडा परत आवळा, तेल टाका, पुन्हा सैल करा. घाई केली तर आटे सेन्सरसोबतच बाहेर येतात.

फटीचा सॉकेट फाकायला लागला आणि नवा सेन्सर हातात असेल, तर जुन्याची वायर कापून टाका आणि पूर्ण गोल रिंग पाना लावा. हटवादी सेन्सर यालाच बधतो.

बसवताना

भोकातले आटे खराब दिसले तर एम१८×१.५ चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून साफ करा. हे माप बहुतेक सेन्सरना चालतं, तरी नव्याशी जुळवून घ्या. नव्या सेन्सरच्या टोकाला हात, तेल, ग्रीस काहीही लागू देऊ नका. आट्यांवर अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायची पेस्ट) बहुधा कंपनीतूनच लावलेलं येतं. नसेल तर फक्त आट्यांवर थोडंसं लावा. सिलिकॉन सीलंट अजिबात नको, त्याची वाफ सेन्सर मारते.

सुरुवात हातानेच करा. वायरही सोबत फिरू द्या, पीळ पडायला नको. शेवटचं आवळणं मॅन्युअलमधल्या टॉर्कने करा, साधारण ३५ ते ४५ न्यूटन-मीटर. तयार कपलरचा सेन्सर मिळत असेल तर तोच घ्या. वायर जोडायचा स्वस्त प्रकार घेतलाच तर सोल्डर करू नका, कारण अनेक सेन्सर तुलनेसाठीची बाहेरची हवा वायरीतूनच घेतात. वायर गरम पाइपाला टेकणार नाही अशी जुन्याच क्लिपांत अडकवा, बॅटरी जोडा, कोड पुसा.

जुना सेन्सर टाकण्याआधी त्याचं टोक बघा. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय. पांढरट थर असेल तर सिलिकॉन किंवा कूलंट आत जात असण्याची शक्यता आहे. तसा थर दिसला तर कूलंटची पातळी आठवडाभर रोज, इंजिन गार असताना बघा. ती उतरत असेल तर गळती आधी शोधा, नाहीतर नवा सेन्सरही त्याच वाटेने जाईल.