जुनं क्वेकर जर्नल वाचायला घेताना

क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा संस्थापक जॉर्ज फॉक्स, त्याचं जर्नल (आत्मचरित्रच म्हणा) पहिल्यांदा वाचताना मी वहीत लिहून ठेवलं होतं: 'राजा दुसऱ्या चार्ल्सला दिलेलं शांततेचं निवेदन, नोव्हेंबर १६६०.' छापील तारीख होती '१६६०, अकरावा महिना, २१ तारीख'. मग अडकले. लंडनमध्ये थॉमस व्हेनरने राजाविरुद्ध केलेल्या सशस्त्र बंडानंतर क्वेकरांची धरपकड झाली, म्हणून हे निवेदन निघालं. बंड तर जानेवारी १६६१ मधलं. बंडाच्या आधीच खुलासा?

म्हणून आधी तारखा सोडवायच्या. महिन्यांना नि वारांना परक्या देवांची नावं आहेत म्हणून क्वेकर ती टाळत आणि नुसते आकडे लिहीत. रविवार म्हणजे 'पहिला दिवस'. पण तेव्हा इंग्लंडात वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे पहिला महिना मार्च आणि अकरावा जानेवारी. १७५२ पासून वर्षारंभ १ जानेवारीवर आला. म्हणजे १७५२ पूर्वीचा मजकूर असेल तर महिन्याच्या आकड्यात दोन मिळवा. अकरावा आणि बारावा आला तर वर्षही एकाने पुढे न्या. २४ मार्चपर्यंतच्या तारखांनाही तेच. माझा नोव्हेंबर असा जानेवारी १६६१ झाला. तेव्हापासून समासात पेन्सिलीने आजची तारीख लिहिल्याशिवाय मी पान उलटत नाही.

मग सर्वनामं. एका माणसाला अनेकवचन लावणं हे त्यांच्या मते खोटं बोलणं, म्हणून न्यायाधीशालाही 'दाऊ' (thou), म्हणजे इंग्रजीतलं जुनं एकेरी 'तू'. हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. मनातल्या मनात मराठी करताना तिथे 'तू'च ठेवा. नाहीतर आपसूक 'आपण' येतं, आणि न्यायाधीश एवढा का भडकला तेच कळेनासं होतं. (क्वेकर न्यायाधीशासमोर टोपी काढत नसत, त्याचा रागही त्याच जातीचा.)

शब्दांची छोटी यादी करा. 'स्टीपलहाउस' म्हणजे चर्चची इमारत. चर्च म्हणजे माणसं, दगडविटा नव्हेत, असा त्यांचा आग्रह. 'ओपनिंग' म्हणजे आतून अचानक उमगलेलं काही.

शेवटचं, हे रोज रात्री लिहिलेलं नाही. फॉक्सने बराचसा भाग १६७५ च्या सुमाराला स्वार्थमोर हॉल या घरी सांगून लिहून घेतला. तो गेल्यावर थॉमस एलवुडने संपादन केलं आणि १६९४ मध्ये पुस्तक निघालं. एलवुडने बरंच तासलंय. एखादा प्रसंग फारच गुळगुळीत वाटला की मी हस्तलिखितावरून छापलेली १९११ ची आवृत्ती शेजारी उघडते.